फॉर्म अडला? आधी पाटी वाचा!

दोस्तांनो, हल्ली चित्रकलेच्या स्पर्धेपासून सहलीच्या नावनोंदणीपर्यंत सगळ्याचे फॉर्म मोबाईलवर येतात. लिंक दाबायची, नाव-इयत्ता लिहायची, की झालं काम! पण कधीकधी नाव लिहिण्याआधीच फॉर्म म्हणतो, ‘साइन इन करा.’ म्हणजे आधी तुमचं खातं दाखवा. बरं, खातं दाखवलं तरी पुन्हा नकारघंटा! मग काय करायचं?

आमच्या शेजारची सहावीतली मुलगी मागे एकदा रडवेली होऊन माझ्याकडे आली. ‘‘काका, निबंधस्पर्धेचा फॉर्म उघडतच नाही हो! आणि आज शेवटचा दिवस आहे.’’

मी म्हटलं, ‘‘रडू नंतर. आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाच बघू.’’

लिहिलं होतं, की हा फॉर्म एकदाच भरता येतो आणि तो भरून झाला आहे. तिने तर भरलाच नव्हता! मग उलगडा झाला. मोबाईल बाबांचा, खातंही बाबांचंच, आणि त्याच खात्यावरून दादाने सकाळीच आपला फॉर्म भरला होता. फॉर्मच्या लेखी दोघं भावंडं एकच! आईने आपल्या खात्यातून साइन इन केलं, आणि फॉर्म उघडला की!

गूगल फॉर्मचंच उदाहरण घेऊ. तिथे साइन इनची अट मुख्यतः 3 कारणांनी येते. एक, प्रत्येकाने एकदाच भरावा म्हणून. दोन, फॉर्मला चित्र किंवा फाइल जोडायची असते म्हणून. आणि तीन, फॉर्म फक्त एखाद्या शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यांसाठी असतो म्हणून. या तिसऱ्या प्रकारात घरचं खातं चालत नाही, शाळेने दिलेलंच लागतं. मोबाईलवर दोन्ही खाती असतील, तर फॉर्म भलत्याच खात्यातून उघडू शकतो. तेव्हा तिथे ‘खातं बदला’ असं दिसतं का, ते पाहा.

एवढं करूनही अडलं, तर फॉर्म पाठवणाऱ्याला सरळ विचारा. बरं का, ही अट माणसानेच लावलेली असते आणि त्याला ती काढताही येते. पुष्कळदा ती राहून गेलीय, हे बाईंच्या लक्षातही नसतं! ‘काय संदेश आला’ ते जसंच्या तसं कळवा, म्हणजे त्यांनाही चटकन समजेल.

काय करायचं नाही, तेही सांगतो. मैत्रिणीचा पासवर्ड मागायचा नाही, आपला द्यायचा नाही. फॉर्ममधल्या प्रश्नातच पासवर्ड विचारला असेल, तर तो फॉर्म तिथेच बंद करून मोठ्यांना दाखवा. आणि खातं काढण्यासाठी वय वाढवून सांगू नका. भारतात 13 वर्षांखालच्या मुलांसाठी आईबाबांना आपल्या देखरेखीखाली गूगल खातं काढून देता येतं.

आता एक विनंती मोठ्यांना. कित्येक घरांत सगळ्यांत मिळून एकच मोबाईल असतो. स्पर्धेचा फॉर्म काढताना त्या मुलांची आठवण ठेवा. साइन इनची खरंच गरज आहे का, हे पाहा आणि अडलं तर विचारायला एक फोन नंबर जरूर द्या.

आणि मुलांनो, शेवटच्या दिवसाची वाट कशाला बघायची? दार बंद निघालं, तर कडी वाजवायला वेळ हवा ना!