जिल्हा किती लांब आहे?

गडचिरोली म्हटलं की आपल्याला पटकन तीनच गोष्टी आठवतात. जंगल, नक्षलवादी आणि आमटे. पण या जिल्ह्याची खरी गंमत त्याच्या नकाशात आहे. हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला १९७३ साली आणि तेव्हा गडचिरोली नावाचा जिल्हाच नव्हता! तो जन्मला २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग करून. म्हणजे वयाने तुमच्या बॉसच्या आसपासचा.

आकार मात्र दणदणीत. १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास चौपट. गडचिरोली शहरातून दक्षिण टोकाच्या सिरोंचाला जायचं तर दोनशे किलोमीटरहून जास्त रस्ता. मुंबईकराने कलेक्टरच्या एका सहीसाठी नाशिकच्याही पुढे जावं, तसं.

मी रेल्वेने वडसा गाठलं (तालुक्याचं नाव देसाईगंज, स्टेशनचं वडसा!) आणि एसटी पकडली. शेजारच्या आजोबांना विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, ‘जिल्ह्याले.’ इथे जिल्हा म्हणजे नकाशावरचा तुकडा नाही. जिल्हा म्हणजे जिथे साहेब बसतो ते गाव. ‘आंधी चांद्याले जा लागे जी,’ ते पुढे म्हणाले. कोर्टाची तारीख असो की कलेक्टरचा कागद, गडचिरोलीच्याही पुढे आणखी ऐंशी किलोमीटर.

चांदा म्हणजे चंद्रपूर. ही गोंड राजांची राजधानी १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेली. भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी चांदा जिल्हा केला. पूर्वेकडचं जंगल मात्र जमीनदारांकडेच राहिलं, त्यात सगळ्यात मोठी जमीनदारी अहेरीची. १९०५ मध्ये चांदा आणि ब्रह्मपुरी तहसिलींतल्या जमीनदाऱ्या एकत्र करून गडचिरोली तहसील झाली. (विदर्भात तालुक्याला तहसील म्हणतात, बरं का.) आजच्या जिल्ह्याची सुरुवात खरं तर तिथून.

सिरोंचाची कथा त्याहून भारी. आलापल्लीच्या सागवानातून बस खाली उतरत जाते, तशी कानावर तेलुगू पडायला लागते. प्राणहिता आणि गोदावरीच्या काठचा हा मुलूख १८६० पर्यंत निजामाचा होता. मग तो इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे चक्क जिल्ह्याचं ठिकाण झालं. जिल्ह्याचं नाव होतं अप्पर गोदावरी. तेव्हा गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत बोटी चालवायचं स्वप्न इंग्रज बघत होते. ते बारगळलं आणि १८७४ मध्ये जिल्हाही गुंडाळला. सिरोंचा चांद्याची तहसील झाली. १९०७ मध्ये तिचेही लचके तुटले. नुगूर, अल्बाका आणि चेर्ला हे भाग मद्रास प्रांतात गेले, आज ते तेलंगणात आहेत.

आता हिशोब करा. सिरोंचातलं एखादं घर जागेवरून न हलता निजामाच्या राज्यातून मध्य प्रांतात, तिथून मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. जिल्हे बदलले ते वेगळेच. आपण कंपनी बदलली तर पीएफ ट्रान्सफर करताना वैतागतो. इथे दर वेळी कागदाची भाषा आणि साहेबाचं गाव बदलायचं.

१९८२ च्या आधी या सगळ्या भागात तहसिली दोनच, गडचिरोली आणि सिरोंचा. आज तालुके १२ आहेत. भामरागड, एटापल्ली, कोरची अशा गावांना तहसीलदार मिळाला, तो याच वाटणीमुळे. म्हणून जिल्हा तोडणं हा इथे नुसता राजकारणाचा विषय नाही. रोजंदारीवरच्या माणसाची एक फेरी वाचली, तर त्याची एका दिवसाची मजुरी वाचते. अहेरी वेगळा जिल्हा करा, ही मागणी अनेक वर्षं होतेय, त्याचं कारणही हेच.

पण सरकार जवळ आणायचा आणखी एक रस्ता आहे. तो मला धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात दिसला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये तर बांबूच्या वाहतुकीचा पासही ग्रामसभाच देऊ लागली. आधी त्या कागदासाठी वनखात्याकडे बघावं लागायचं. आता सही गावातच होते. नवा जिल्हा नाही, नवी तहसील नाही, तरी एक फेरी कायमची वाचली!

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा. नागपूरहून गडचिरोलीला एसटी मिळते. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठचं मार्कंडा मंदिर चुकवू नका आणि हाताशी एखादा दिवस जास्त असेल तर सिरोंचापर्यंत उतराच. बसमध्ये शेजारच्याला फक्त एवढं विचारा, तुमचा जिल्हा इथून किती लांब? कंडक्टरसकट अख्खी बस बोलायला लागेल.