अर्ध्या दाराच्या अलीकडे

पुण्यात १९९० च्या दशकात रेकीची लाट आली तेव्हा मीही तिच्यात पाय भिजवले. सदाशिव पेठेतल्या एका दिवाणखान्यात शनिवार-रविवार गाठून पहिली डिग्री घेतली, पुढे दुसरी. त्या काळात लोक कशाकशाला रेकी द्यायचे ते आठवलं की अजून हसू येतं. बंद पडलेली स्कूटर, दहावीचं हॉलतिकीट, न लागणारं विरजण, काहीच सुटलं नाही. मी बँकेत नोकरी करणारी, आकडा जुळल्याशिवाय घरी न जाणारी. त्यामुळे पटलं तेवढं ठेवलं. पहाटे हात पोटावर ठेवून अर्धा तास गप्प बसायचं, एवढंच. प्राण्यांचा विचारही मनात नव्हता आणि घोड्यांची तर मला चक्क भीती वाटायची.

घोड्यांशी गाठ पडली ती भाचीच्या मुलीमुळे. मुंढव्याच्या बाजूला एका लहानशा केंद्रात ती घोडेस्वारी शिकायला जायची. मी निवृत्त, राहायला वानवडीत, त्यामुळे तिला नेण्याआणण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. ती रिंगणात दुडकीचे धडे गिरवायची आणि मी तबेल्याच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायची. माझ्या समोरच्याच थानात मैना होती.

मैना कुमैत रंगाची थरोब्रेड, रेसकोर्सवरून निवृत्त झालेली. कागदोपत्री तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते इथे कुणी उच्चारत नसे. पुण्यातला रेसचा हंगाम पावसाळ्यातला, साधारण जुलै ते ऑक्टोबर. तो संपला की सगळा कारभार मुंबईला महालक्ष्मीकडे सरकतो. या जनावरांची धावायची वर्षं थोडी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पळू लागतात आणि सहा-सात वर्षांची होईतो बरीचशी बाहेर पडतात. चांगल्या घराण्यातल्या घोड्या पैदाशीला जातात, बाकीच्यांना मिळेल ती जागा. मैनाला मुलांना पाठीवर घ्यायचं काम मिळालं, पण ती ते करण्याच्या स्थितीत नव्हती. अर्ध्या दारावरून मान बाहेर काढायची आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत राहायची. पुढच्या पायांखालची माती घासून घासून खड्डा पडला होता. सईसमामा म्हणायचे, “डुलती ती. आत कोंडल्याचा राग हाय.” मामांचं निदान पुस्तकांशी जुळतं. कळपात राहून दिवसाचे बहुतेक तास चरत हिंडणारं हे जनावर. त्याला एकट्याला चार भिंतींत उभं केलं आणि वैरणीऐवजी दाण्यावर पोसलं की अशा सवयी जडतात.

मला रेकी येते हे भाचीच्या मुलीने तिथे सांगून टाकलं. केंद्राच्या मालकीणबाईंनी एकदा विचारलं, “ताई, हिला देऊन बघता का?” मी आधी विचारलं, डॉक्टरांनी पाहिलंय का? पाहिलं होतं. दात घासून झाले होते, खूर तपासले होते. रेसच्या घोड्यांमध्ये पोटातले अल्सर फार, म्हणून त्याचं औषधही देऊन झालं होतं. चंदी कमी करून वैरण वाढवली होती, शेजारच्या थानात एक म्हातारं तट्टू आणून बांधलं होतं. फरक पडला होता. पण संध्याकाळी मुलं घरी गेली आणि आवार रिकामं झालं की डुलणं पुन्हा सुरू व्हायचं. तेवढी वेळ मला दिली गेली.

माणसाला रेकी देताना तो निजलेला असतो, डोळे मिटून, तुमच्या स्वाधीन. घोड्यापुढे हे सगळं उलटं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. म्हणजे आपण प्रेमाने समोरून कपाळाकडे हात नेतो तेव्हा तो हात त्याच्या नजरेतून नाहीसा होतो. अंगावर माशी बसली तरी तेवढ्याच जागची कातडी थरथरवणारं हे जनावर, त्याला तळहात काय आणि तळहातामागचा हेतू काय, दोन्ही कळतात. मामांनी मला पहिल्या दिवशी तीनच गोष्टी सांगितल्या. खांद्याच्या बाजूने यायचं, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, आणि श्वास रोखायचा नाही. तिसरी गोष्ट मला रेकीच्या वर्गातही कुणी इतकी स्पष्ट सांगितली नव्हती.

मी अर्ध्या दाराच्या अलीकडे, जरा कडेला उभी राहिले. हात खाली सोडलेले, तळवे किंचित तिच्याकडे. मैनाने मला हुंगलं, नाकातून फुर्र केलं आणि पाठ फिरवली. घोड्याने पुठ्ठा आपल्याकडे करणं याचा अर्थ समजायला शालिहोत्रासारखं अश्वशास्त्र वाचावं लागत नाही. अमेरिकेतल्या कॅथलीन प्रसाद प्राण्यांच्या रेकीबद्दल शिकवतात, त्यांचं सांगणं असं की प्राण्याला ‘द्यायला’ जाऊच नये. आपण शांत उभं राहावं, जवळ यायचं की नाही ते त्याला ठरवू द्यावं आणि तो निघून गेला तर तो नकार मानावा. मी मानला आणि खुर्चीत जाऊन बसले.

पुढे बरेच दिवस असेच गेले. मी उभी राहायची, ती पाठ फिरवायची. मग एके संध्याकाळी तिचा एक कान माझ्याकडे वळला, नुसता कान. घोड्याचे कान वेगवेगळे फिरतात आणि कान जिकडे तिकडे लक्ष, हे मामांनी शिकवलं होतं. नंतर कधीतरी मान वळली. आणि एकदा ती आडवी येऊन उभी राहिली, खांदा दाराला लावून. मी हात उचलून तिच्या खांद्याजवळ धरला, टेकवला नाही. तिने मान हळूहळू खाली सोडली. खालचा ओठ सैल पडला. मागचा एक पाय खुराच्या टोकावर आला, म्हणजे त्या पायावरचं वजन काढून घेतलं. थोड्या वेळाने ओठ चाटत, तोंडात काही नसताना चावल्यासारखं केलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला. डुलणं थांबलं होतं. मला भरून आलं, हे कबूल करायला हरकत नाही. तेवढ्यात मामा मागून म्हणाले, “झोप आली तिला.”

आता हिशेब. रेकीत तळहातातून ऊर्जा वाहते असं मानतात, पण याचा शास्त्रीय पुरावा नाही. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उपवास आणि ध्यान करून ही पद्धत मिळवली असं परंपरा सांगते. पुढे हवायो ताकाता यांनी ती हवाईत आणि तिथून अमेरिकेत नेली. ती घोड्यांवरही चालते असं म्हणणारे त्यांच्यानंतरचे. मला खात्री करून घ्यायची होती, आणि साधन हाताशी होतं. घोड्याची नाडी जबड्याच्या खाली, हाडावरून जाणाऱ्या धमनीत बोटाला लागते. डॉक्टरांनी ती कशी शोधायची ते दाखवलं. निवांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. मी आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहू लागले. बहुतेक वेळा आकडा उतरायचा, कधी जैसे थे राहायचा.

मग मी खोडसाळपणा केला. काही दिवस रेकी द्यायचीच नाही असं ठरवलं. रेकीची चिन्हं मनात काढायची नाहीत, संकल्प नाही, काही नाही. तिथेच, तेवढाच वेळ, तसाच संथ श्वास घेत उभं राहायचं आणि मनात किराणा मोजायचा. तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, साबण. आकडा तसाच उतरला. मैनाला उसुईंची चिन्हं आणि माझी किराणा यादी यांत काही फरक दिसला नाही. फरक दिसला तो एकदाच, मी बँकेतल्या एका जुन्या भांडणाची उजळणी करत उभी होते तेव्हा. त्या संध्याकाळी तिने पुन्हा पुठ्ठा दाखवला.

हे रेकीवाल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या रागावल्या. विज्ञानवाद्यांना सांगितलं तर ते म्हणाले, बघा, आम्ही म्हणतच होतो. मला दोघांचंही अर्धंच पटतं. काही न करता, काही न मागता रोज पाऊण तास घोड्याशेजारी उभं राहायचं, हे रेकी नसती तर मी केलं असतं का? छे. पहिल्याच दिवशी मोबाइल काढला असता. हात रिकामे ठेवून उभं राहायला शहाण्या माणसाला काहीतरी निमित्त लागतं. मला ते रेकीने दिलं, आणि माझ्या मते तिचं एवढं मोल पुरेसं आहे.

हाताच्या स्पर्शाचा भाग तर सरळ मोजलेला आहे. फे आणि द माझिएर या दोघांनी १९९३ साली फ्रान्सच्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपून पाठ सुरू होते तिथे, दातांनी खाजवतात. त्याच जागी माणसाने खाजवलं तर हृदयाचे ठोके कमी होतात, दुसरीकडे खाजवलं तर तसं होत नाही. मी हे मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते खरारा करत होते. “मंग? तितंच तर खाजवायचं असतं,” म्हणाले आणि खरारा पुढे चालू.

मामांकडे याहून जुनंही पुष्कळ होतं. अंगावरचा कुठला भोवरा शुभ, कुठला धन्याला खाणारा, याची यादी त्यांना तोंडपाठ होती. त्यांच्या आज्यापासून चालत आलेली. त्या यादीवर माझा विश्वास नाही, पण भोवरे बघायच्या निमित्ताने मामा प्रत्येक घोड्याचं अंग बोटाबोटाने तपासत आणि कातडीखालची गाठ किंवा गोचीड सगळ्यांत आधी त्यांनाच सापडे.

रेकीची मर्यादा मला दोनदा स्वच्छ दिसली. पहिली दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबले होते. खिडक्यांना गोणपाट लावले, मैनाच्या कानात कापूस घातला, वैरण भरपूर टाकली, रेडिओ लावला. भिंतीपलीकडे सुतळी बॉम्ब लागला आणि ती भिंतीवर आदळली. मी माझं शांत उभं राहणं चालू ठेवलं. काडीचा उपयोग झाला नाही. घाम, फुगलेल्या नाकपुड्या, डोळ्यांतला पांढरा भाग. मामांनी मला बाजूला केलं, तिला बाहेर काढलं आणि आतल्या रिंगणात हाताने चालवायला लागले. गोल गोल, न थांबता, तोंडाने काहीतरी पुटपुटत. वीसेक फेऱ्यांनी मान खाली आली. भ्यालं की पळायचं, एवढंच ज्या जनावराला ठाऊक, त्याला त्या क्षणी शांतता नको असते, पाय हलवायची मुभा हवी असते. एखाद्या योगशिक्षकाला हे पटणार नाही कदाचित.

दुसरी वेळ म्हाताऱ्या तट्टूची. दुपारी ते पुढच्या पायाने जमीन उकरायला लागलं, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघू लागलं, बसलं, लोळलं. तिथे असलेल्या एका पालकांनी हौसेने म्हटलं, “ताई, तुम्ही हात ठेवा ना.” मी म्हटलं, आधी डॉक्टरांना फोन. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात जे अडकलं ते आत अडकूनच राहतं आणि पोटशुळाने जनावर काही तासांत जाऊ शकतं. पुढ्यातलं सगळं खाणं काढलं, त्याला हळूहळू चालवत ठेवलं. डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली आणि संध्याकाळपर्यंत स्वारीने लीद टाकली. त्या लिदीकडे आम्ही सगळे ज्या कौतुकाने पाहत होतो! पोटशुळाच्या घोड्यावर हात ठेवून अर्धा तास डोळे मिटणारा त्या जनावराचा अर्धा तास चोरतो, असं माझं स्वच्छ मत आहे.

खरं तर या शहरात बरं करण्याचा व्यवहार उलट दिशेने चालत आला. पूनावालांचा स्टड फार्म १९४६ चा. तिथले निवृत्त घोडे लशी-सीरमसाठी मुंबईच्या हाफकिनला जायचे आणि त्यातूनच इथेच सीरम तयार करायची कल्पना निघून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हाफकिनच्या पिंपरीच्या केंद्रातही सर्पदंशावरच्या औषधासाठी घोडे पाळलेले. विषाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचून त्यांच्या रक्तात जे तयार होतं, ते आपल्याला वाचवतं. शेताच्या बांधावर घोणस चावलेला माणूस घरी परत येतो तो कुठल्यातरी घोड्याच्या जिवावर. हे मला कळल्यापासून मैनापुढे ‘मी तुला बरं करते’ असा आव आणायची जरा लाजच वाटते.

मैना आता मुलांना पाठीवर घेते. लहान मुलं तिला आवडतात, उंच आवाजात बोलणारे वडील आवडत नाहीत. डुलणं पूर्ण गेलेलं नाही. पाऊस लागून राहिला, रिंगणात सोडता आलं नाही, की संध्याकाळी पुन्हा सुरू होतं. मी गेले तर थांबतं, मामा गेले तरी थांबतं. मामांनी रेकी घेतलेली नाही.

माझी कीर्ती मात्र नको तितकी पसरली. गेल्या लग्नसराईच्या आधी वरातीला घोडी देणारे एक गृहस्थ केंद्रात आले. पांढरी घोडी, झूल, चांदीरंगी लगाम, सगळा सरंजाम. घोडी बँडच्या आवाजाला बिचकायला लागली होती आणि एका नवरदेवाला तिने मंगल कार्यालयाच्या दारातच उतरवून ठेवलं होतं. “एकदा हात फिरवा, ताई. सीझन अंगावर आलाय.” मी घोडी पाहिली. तोंडातली कडी करकचून आवळलेली, ओठांच्या कोपऱ्यात जखम. म्हटलं, आधी कडी सैल करा, जखमेवर डॉक्टरांकडून औषध आणा, कानात कापूस घाला. आणि डीजेच्या भिंतीच्या लगेच मागे तिला उभी करू नका, पन्नास पावलं अंतर ठेवा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कडी तिथेच सैल केली. मग जरा विचार करून म्हणाले, “बाकी सगळं करतो. पण अंतर काय आमच्या हातात नसतं. तुमची ती रेकी, ती डीजेवाल्याला देता येती का?”