विदर्भाचा वाद आणि बापूजी अणे

28 सप्टेंबर, राजूर
1953 साली आजच्याच तारखेला विदर्भासह एकच मराठी राज्य करण्याचा नागपूर करार झाला. म्हणून संध्याकाळी चहाच्या टपरीवर विषय निघाला. खाणीत काम करणारा एक पोरगा तावातावाने म्हणाला, "कोळसा आमचा, धूळ आमची, अन् मलिदा मुंबईले! कावून बाप्पा?" निवृत्त गुरुजींनी कप खाली ठेवला. "उद्या वेगळं राज्य झालं, तर मास्तरांचा पगार कुठून देशीन, तेवढं सांग." मग आवाज चढत गेले. उत्तर मात्र कोणीच दिलं नाही.

29 सप्टेंबर
मी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, हा माझा आवडता आधार. पण त्यामागचा हिशेब सत्तर वर्षांपूर्वीचा, आजच्या पगारांना तो पुरणार नाही. विकासाच्या अनुशेषाचंही तसंच. दांडेकर समितीने 1984 मध्ये तो मोजून मांडला. मी तो अन्यायाचा पुरावा म्हणून सांगतो. गुरुजी विचारतात, इतका मागे राहिलेला प्रदेश एकट्याने कसा उभा राहील? आकडा एकच, अर्थ दोन. त्यांच्या अर्थालाही वजन आहे.

1 ऑक्टोबर
बँकेच्या कामाने वणीला गेलो. हे लोकनायक बापूजी अण्यांचं गाव. अणे टिळकांचे अनुयायी. गांधीजींनी पुकारलेला कायदेमंडळांवरचा बहिष्कार त्यांना पटला नाही आणि ते त्यांनी उघडपणे सांगितलं. तरी 1930 मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात ते पुढे होते. 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्याच मंडळाचा राजीनामा दिला. पुढे 1962 मध्ये वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. मताला चिकटून राहिले, पण त्यापायी माणसं तोडली नाहीत.

3 ऑक्टोबर
अण्यांचं आठवून आज टपरीवर आधी गुरुजींचीच बाजू मांडली. "बरोबर सांगितलं का?" म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "अर्धं. पगार हा एक भाग झाला. माझी खरी भीती वेगळीच आहे. मुंबई दूर म्हणून आपण रडतो. उद्या नागपूर आपल्याले तितकंच दूर होईन." हा मुद्दा याआधीच्या भांडणांत कधी आलाच नव्हता, कारण तिथवर कोणी त्यांना बोलूच दिलं नव्हतं.
मग त्यांनी मला विचारलं, "तुझं मत कशानं बदलीन?" मी म्हटलं, अकरा जिल्ह्यांच्या जमाखर्चाचा चोख हिशेब तोट्याचा निघाला, तर फेरविचार करीन. ते म्हणाले, लोकांनी मतदानाने कौल दिला, तर मी विरोध सोडीन.

4 ऑक्टोबर
वेगळा विदर्भ व्हावा, हे माझं मत आजही कायम आहे. गुरुजींचंही त्यांचं कायम आहे. पण कोणता पुरावा आपल्याला हलवू शकेल, हे आता दोघांनाही माहीत आहे. आरक्षण असो, धर्म असो की राज्याची सीमा, वादाला बसणाऱ्याने आधी समोरच्याची बाजू त्याला मान्य होईल अशी मांडून दाखवावी. ती येत नसेल, तर आपली बाजू मांडण्याची घाई करू नये.