माळ्यावरची रात्र

आमच्या लहानपणी पुण्याच्या वाड्यांतून उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची चाल होती. संध्याकाळी फरशीवर पाण्याच्या दोन-चार बादल्या ओतायच्या, ती निवली की सतरंज्या पसरायच्या, आणि मग आजी सप्तर्षींकडे बोट दाखवून म्हातारीच्या बाजेची आणि ती पळवू पाहणाऱ्या तीन चोरांची गोष्ट सांगायची. गोष्ट संपल्याचे आम्हा पोरांना कधी आठवत नाही, कारण बाज चोरीला जायच्या आतच आम्ही झोपलेले असायचो. पुढे वाडा पडला, त्या जागी इमारत उभी राहिली, गच्चीला कुलूप लागले आणि त्याची किल्ली सोसायटीच्या चिटणिसाकडे गेली. गेल्या पस्तीस वर्षांत मी एक रात्रही उघड्यावर झोपलो नव्हतो, आणि त्याचे मला काही वाटतही नव्हते.

वाटायला लागले ते माझ्या भाच्यामुळे. तो नोकरीनिमित्त नैरोबीला असतो. एका सुट्टीत तो उत्तर केनियातल्या लोइसाबा नावाच्या रानात जाऊन आला. तिथे उंच लाकडी मंचावर चाकांचा पलंग असतो. रात्र झाली की तो पलंग छपराखालून ढकलून उघड्या आभाळाखाली आणतात, आणि माणसाने मऊ गादीवर पडून तारे बघत, दूरवरच्या सिंहाची डरकाळी ऐकत झोपायचे. भाच्याने फोटो पाठवले आणि खाली लिहिले, ‘‘मामा, ही सफारी म्हणजे आपली सफरच. मूळ अरबी शब्द एकच आहे.’’

फोटो घरभर फिरले. आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा लावून ते बारकाईने पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘तुम्हाला आफ्रिका कशाला हवी? मुळशीच्या मामांकडे जा की. ते रोजच तसे झोपतात.’’

मुळशीचे मामा म्हणजे आमचे तांदूळवाले. नात्याने कोणी नव्हेत. पण पंचवीस वर्षे दर दिवाळीनंतर त्यांचे आंबेमोहराचे पोते आमच्या घरी येते, तेव्हा मामा म्हटल्याशिवाय गत्यंतर नाही. २०१६ साली आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ते कात्रण मी मामांना मुद्दाम नेऊन दिले होते. त्यांनी ते उलटसुलट बघून विचारले, ‘‘हे रानडुकरांना वाचून दाखवू का?’’

मागल्या एका दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी निघालो. चांदणी चौक ओलांडला, भूगाव गेले, पिरंगुट गेले, पौडला चहा घेतला. हा सगळा मुळशी तालुकाच. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीही ह्याच तालुक्यात आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माले मागे पडले तशी हवा बदलली, आणि वळणावर एकदम धरणाचे पाणी दिसले. निळे, शांत, डोंगरांच्या बोटांमधून आत आत शिरलेले. सुट्टीच्या दिवशी इथे मक्याची कणसे खात उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते तळेच वाटते. पण त्याच्या तळाशी भाताची खाचरे आहेत. टाटा कंपनीने मुळा नदीवर हे धरण घालायला घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. वि. म. भुस्कुटे त्यात होते. आणि पांडुरंग महादेव बापट ह्यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते ह्याच लढ्यात. तीन वर्षे लोक झगडले, तुरुंगात गेले. तरी धरण झालेच. १९२७ पासून इथले पाणी डोंगराच्या पोटातून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरते आणि त्याची वीज होऊन मुंबईला जाते.

मामांचे शेत पाण्याच्या मागच्या अंगाला, ताम्हिणीच्या बाजूला. त्यांच्या आजोबांची सखल जमीन धरणात गेली. उरली ती वरची, रानाला लागून असलेली चार खाचरे. रान दाट आहे. २०१३ साली ताम्हिणीचे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झाले, ते इथून फार लांब नाही. तेव्हा मामांच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डुकरे.

मी पोचलो तेव्हा भात कापणीला आला होता. पिवळ्या लोंब्या वाकल्या होत्या, आणि आंबेमोहराचा तो वास, जो आपल्याला कुकरची शिट्टी झाल्यावर येतो, तो इथे वाऱ्याच्या झुळकेबरोबर येत होता. खाचरांच्या कडेने काठ्या रोवून जुन्या साड्या बांधलेल्या होत्या. लाल, जांभळ्या, काठपदराच्या. डुक्कर त्यांना बिचकते म्हणतात. त्यांतली एक मोरपंखी मला ओळखीची वाटली. दोन वर्षांपूर्वी सौभाग्यवतींनी पोत्याबरोबर परत पाठवलेल्या गाठोड्यातली ती होती.

बांधावर चार मेढींवर माळा उभारलेला होता. वर बांबूंची जमीन, त्यावर पेंढा, डोक्याशी दोन हातांचे छप्पर. बाकी सारे आभाळ मोकळे. माळ्यापासून एक सुंभाची दोरी खाचरावरून पलीकडच्या जांभळीपर्यंत गेली होती, आणि तिथे दगड घातलेला पत्र्याचा डबा टांगला होता. दोरी ओढली की डबा वाजे. एकादशी होती, म्हणून मामींनी वरीचा भात आणि दाण्याची आमटी केली होती. ती खाऊन, एक घोंगडी, एक बॅटरी आणि मामांचा काळा कुत्रा एवढ्या सरंजामानिशी आम्ही माळ्यावर आलो.

‘‘आज आठवी रात हाये,’’ मामा म्हणाले. ‘‘पोरगा असता तर पाळी लावली असती. पर त्यो हिंजवडीला रातपाळीला हाये. राखणीलाच.’’

‘‘कशाच्या?’’

‘‘कंपनीच्या. त्यो तिथं काचा राखतो, मी हितं भात राखतो.’’

मामांचा गुडघा सुजलेला होता. डोळे तांबारले होते. मी मोठ्या आवेशाने म्हणालो, ‘‘मामा, आज तुम्ही झोपा. मध्यरात्रीपासून दोन वाजेपर्यंत मी जागतो.’’

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. ‘‘जमंल?’’

‘‘न जमायला काय झालं? मी आलोय तेच तारे बघायला!’’

ह्या उत्तरातच पुढचा सगळा घोटाळा होता, पण तो माझ्या ध्यानात आला नाही.

आठ-नऊच्या सुमारास आभाळ असे उघडले, की मी बोलायचा थांबलो. शहरात आपण तारे मोजू शकतो. इथे मोजायला कुठून सुरुवात करावी तेच कळेना. पश्चिमेला अभिजित आणि हंस कलले होते, त्यांच्यामधून आकाशगंगा धुक्याच्या पट्ट्यासारखी वर चढून शर्मिष्ठेपर्यंत गेली होती. तिच्या शेजारी देवयानीतला तो पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसला. ती दुसरी दीर्घिका; तिथून आज पोचलेला उजेड सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आला होता, मागून तांबूस रोहिणी. उत्तरेला ध्रुव सह्याद्रीच्या सोंडेवर अठरा-साडेअठरा अंशांवर बसला होता, कारण आपले अक्षांशच तेवढे. भाच्याच्या लोइसाबाला तो दिसत नाही. तिथून विषुववृत्त जवळ, म्हणून ध्रुव क्षितिजालाच टेकतो. फक्त पूर्वेच्या डोंगरामागे आभाळ खालून पिवळसर झाले होते. तो पुण्याचा आणि हिंजवडीचा उजेड. तेवढ्या बाजूला तारे नव्हते.

मामा घोंगडी ओढून घेता घेता म्हणाले, ‘‘थोड्या वेळानं तिकांडं उगवंल. ते त्या सागाच्या शेंड्यावर आलं की मला उठवा. घड्याळ नगं.’’ तिकांडे म्हणजे मृगाच्या पोटातले तीन तारे. पुढच्या क्षणी मामा घोरू लागले. आठ रात्रींची झोप एकदम आली असावी.

रात्र पुढे सरकली. रातकिडे, मधूनच रातव्याची चुक्-चुक्-चुक्, पाण्याच्या दिशेने टिटवी. घोंगडीवर दव पडू लागले. मृग पूर्ण वर आला आणि साडेअकराच्या सुमारास त्याच्या मागून व्याध. असा व्याध मी पाहिला नव्हता: पांढरा, निळा, मधूनच तांबडा, डोंगराच्या कडेवर नुसता तडतडत होता. मला ती जुनी कथा आठवली. पळणारे हरिण, मागे लागलेला शिकारी, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. मी पेंढ्यावर उताणा झालो. हाच मृग केनियात बरोबर डोक्यावरून जात असेल, तिथे चाकाच्या पलंगावरून कोणी तो बघत असेल, असे काहीबाही मनात येऊ लागले. मी झोपलो नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो. मी टक्क जागा होतो. पण मी सगळाच्या सगळा वर होतो.

कुत्रा भुंकला तेव्हा मला त्याचा रागच आला.

मामा मात्र भुंकण्याबरोबर उठून बसले. क्षणभर कान दिला आणि दोरीला हिसका मारला. डबा खणखणला. मग सुजलेल्या गुडघ्याने तो सत्तरीचा माणूस शिडी न शोधता माळ्यावरून उतरला आणि ‘‘हाल्या हाऽऽ!’’ करीत अंधारात धावला. मी बॅटरी लावली. उजेडात आधी मोरपंखी साडी दिसली, फाटून खाली पडलेली. आणि तिच्या पलीकडे पाच-सहा काळी धुडे भातातून रानाकडे निघालेली. भात मोडल्याचा तो आवाज मला आता ऐकू आला. मामा म्हणाले, तो बराच वेळ येत असणार.

अर्धे खाचर गेले होते. डुकरे खातात त्याहून तुडवतात जास्त. लोंब्या चिखलात बसल्या होत्या आणि तुडवलेल्या भाताचा वास नेहमीपेक्षाही गोड येत होता. मी काय बोलणार? ‘‘मामा, चूक माझी,’’ एवढे कसेबसे म्हणालो.

मामा बांधावर टेकले. गुडघा चोळत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘वर बघू ने आसं न्हाई. म्या बी बघतो. बघितल्याबिगर रात सरत न्हाई. पर दादा, डोळं वर आन् कान खाली ठेवायचं.’’

त्यानंतर आम्ही दोघेही जागलो. तिकांडे माथ्यावर आले आणि चारच्या सुमारास डोंगरामागून चंद्राची बारीक कोर उगवली. त्या तीन-चार तासांत मी पुन्हा तारे पाहिले, पण निराळ्या तऱ्हेने. एकीकडे आभाळ पाहत होतो आणि एकीकडे पानाची सळसळ, दगडाचा आवाज, कुत्र्याचा श्वास ऐकत होतो. आणि नवल असे, की तारे काही कमी सुंदर दिसले नाहीत. उलट, ते हळूहळू सरकतात हे मला तेव्हा प्रथम खरोखर दिसले. कारण पहाट किती लांब आहे हे मला त्यांच्यावरूनच कळत होते.

उजाडल्यावर मी पैशांची गोष्ट काढली. पंचनामा झाला तर वनखात्याकडून भरपाई मिळते, हेही सांगून पाहिले. मामा म्हणाले, ‘‘मिळंल. पर त्या पैशाला आंबेमोहराचा वास येत न्हाई.’’ आणि त्यांनी माझ्या हातात विळा दिला. वाचले ते आजच कापायचे होते. दुपारपर्यंत मी कापले. माझ्या तीन पेंढ्या होईतो मामींच्या वीस झाल्या होत्या. संध्याकाळी मामींनी गाय-वासराला ओवाळले, आणि मी पाठ धरून पुण्याला परतलो.

भाच्याला मी सगळे लिहिले. त्याचे उत्तर आले: ‘‘मामा, इथेही रानाजवळचे शेतकरी हत्तींच्या भीतीने पीक येण्याच्या दिवसांत रात्र-रात्र शेतात जागतात. दोरखंडांना मिरचीची पूड आणि जुने तेल फासून कुंपण घालतात. मी पलंगावर होतो तेव्हा हे मला ठाऊक नव्हते.’’

त्या वर्षी पोते आले ते नेहमीपेक्षा दहा किलो हलके होते. मामांनी पैसेही तेवढेच कमी घेतले. घरात कोणी काही बोलले नाही. सौभाग्यवतींनी पहिला भात लावला, घरभर वास सुटला, आणि ताटात वाढताना त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘पुढच्या वर्षी जाल तेव्हा दोन साड्या घेऊन जा. चांगल्या भडक रंगाच्या देते.’’