चोच आणि चारा

‘ज्यानं चोच दिली, तो चाराही देईल.’ कुणी घाबरलं की आमच्या घरी हे वाक्य ठरलेलं. भरल्या पोटी ते शोभतंही. पण भीतीनं झोप उडाली की मला ते पुरत नाही. मग मी पंडिता रमाबाईंकडे वळते. त्या वाक्याची कठोर परीक्षा त्यांच्या घरानं दिली होती.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन तीर्थांमागून तीर्थं करत, पुराण सांगत हिंडत. 1870च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं. उपास झाले, जप झाले, दानं झाली. चारा आला नाही. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास उत्तरेकडे पायी हिंडत राहिली. कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नाही, म्हणून झेलमच्या काठी त्यांनी खड्डे खणले, त्यांत शिरून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि डोकी तेवढी बाहेर ठेवून रात्र काढली. अशा रात्रीनंतर कुणाची श्रद्धा उडाली, तर त्याला नास्तिक म्हणून हिणवायची माझी तरी छाती नाही. रमाबाईंची जुनी श्रद्धा उडालीच.

पुढं लग्न, लगेच वैधव्य, 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. त्यांचा सगळा धर्मविचार मला पटतो असं नाही. पण 1896 पाशी मी दर वेळी थबकते. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी त्यांनी विधवांसाठी चालवलेल्या पुण्यातल्या शारदा सदनात आली, तेव्हा अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दिलेलं दहा वर्षांच्या मदतीचं वचन संपत आलं होतं. आहेत त्याच मुलींचं पुढं काय, हा घोर. नाही म्हणायला सगळी कारणं हाताशी होती. पण जुनी भूक आठवली, आणि दुष्काळातल्या मुलींना आणायला त्या निघाल्या. भीती सरली आणि मग पाऊल उचललं, असं काही घडलं नाही. हिशेब जुळत नव्हता तेव्हाच उचललं. ज्या रात्रीतून देवानं सोडवलं नव्हतं, तिनंच त्यांना दुसऱ्यांच्या मुलींची भूक ओळखायला शिकवलं होतं. याला कृपा म्हणावं का? रमाबाईंनी म्हटलं. मीही हळूहळू म्हणू लागले आहे.

देवाच्या भरवशावर राहणं आणि हातावर हात ठेवून बसणं यांची सोयरीक आपण फार लवकर जुळवतो. रमाबाईंनी ती कधी जुळू दिली नाही. पुण्यात प्लेग होता. दुष्काळातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवू देईनात. मग पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला, उघड्या माळावर, त्यांच्यासाठी निवारा उभा राहिला. त्याचंच पुढं मुक्ती सदन झालं.

भय त्यांना शेवटपर्यंत सुटलं नसावं. ऐकू येईनासं झालं होतं. 1921 साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आणि जिच्यावर सगळं काम सोपवायचं तीच. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी खाली ठेवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तो छापखाना मुक्ती सदनातल्या बायकाच चालवत.