विद्यालय आणि 'शांतिपाल'

गेल्या माघांत कांहीं मंडळींसमवेत कंबोडियाची यात्रा करण्याचा योग आला. अंकोरच्या मंदिरांविषयीं वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल, म्हणून त्यांचें वर्णन येथें करीत नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें राजधानी नॉम पेन्ह येथील एका शाळेविषयीं.

ख्मेर भाषा ऐकतांना संस्कृत शिकलेल्या माणसाचे कान सहज टवकारतात. माध्यमिक शाळेस तेथें जो शब्द आहे, तो आपल्या 'विद्यालय' शब्दाचेंच रूप. शिक्षकास 'क्रू' म्हणतात, तो आपला 'गुरु'. परमुलखांत आपलें कोणी भेटावें तसा आम्हांस आनंद झाला. तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं तुओल स्लेंगच्या फाटकापर्यंतच टिकला.

आंत शिरतांच कोणाही मास्तरास ती जागा ओळखीची वाटावी. तीन मजली लांबट इमारती, पुढें व्हरांडे, मध्यें अंगण. १७ एप्रिल १९७५ रोजीं ख्मेर रूज पक्षानें राजधानी घेतली आणि थोड्याच दिवसांत सारें शहर रिकामें केलें. शाळा, बाजार व चलन बंद झालीं. ह्या ओस विद्यालयाचा पुढें तुरुंग झाला. वर्गांत विटांच्या कोठड्या बांधल्या. बंद्यांनीं उड्या टाकून जीव देऊं नये म्हणून व्हरांड्यांस कांटेरी तारांचें जाळें लावलें. मुलांच्या व्यायामाचा दांडा बंद्यांस उलटें टांगण्याच्या कामीं आला. जानेवारी १९७९ पर्यंत १२ हजारांहून अधिक माणसें येथें आणिलीं गेलीं; वांचलीं तीं अगदीं थोडीं. तुरुंग चालविणाऱ्या पोलीस-खात्याचें नांव होतें 'सांतेबाल', म्हणजे 'शांतिपाल'. आपल्या व्युत्पत्तिज्ञानाची आम्हांस प्रथमच लाज वाटली.

आम्ही १९७५ सालींच मॅट्रिक झालों. ज्या वर्षीं आमच्या घरीं त्याबद्दल पेढे वाटले गेले, त्याच वर्षीं ह्या देशांत शिकलेपण ही लपविण्याची गोष्ट झाली होती. चष्मा लावणाराचाही संशय येई, असें वांचलेले लोक सांगतात. भिंतीवर बंद्यांचीं छायाचित्रें ओळीनें लाविलेलीं आहेत. त्यांपुढें उभें असतां आम्हीं नकळत आपला चष्मा काढून खिशांत ठेवला. मग चेहरे दिसेनात, म्हणून पुन्हा लाविला.

हें सारें निरक्षरांनीं केलें असतें, तर आमच्यासारख्याच्या मनाची समजूत पटली असती. परंतु पक्षाचा नेता पॉल पॉट हा सरकारी शिष्यवृत्तीवर पॅरिसला शिकण्यास गेलेला आणि परत आल्यावर शाळेंत शिकविणारा. खिऊ साम्फान हा पॅरिसचा डॉक्टरेट. ह्या तुरुंगाचा प्रमुख दुच तर गणिताचा शिक्षक. बंद्यांच्या कबुलीजबाबांच्या समासांत तो शेरे लिही. मनाजोगा मजकूर उतरेपर्यंत ते पुन्हा पुन्हा लिहवून घेतले जात. २०१० सालीं न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें, २०१२ सालीं त्याची शिक्षा वाढवून जन्मठेप केली आणि २०२० सालीं तो मरण पावला.

त्यांनीं पुस्तक टाकून नांगराचा मान वाढविला, असें म्हणावें तर तेंही खरें नाहीं. १९७६ सालच्या योजनेंत हेक्टरी तीन टन भाताचा आंकडा ठरला. जमिनीची जात कोणती, पाणी किती, हें पिढीजात शेतकऱ्यासही कोणीं विचारलें नाहीं. उपासमार, रोग आणि वध ह्यांनीं चार वर्षांच्या आंत सुमारें १७ लक्ष माणसें मेलीं. ज्यास पंडिताचें ज्ञान नकोसें होतें, त्यास शेतकऱ्याचेंही चालत नाहीं. त्यास आपल्या म्हणण्यास होकार तेवढा हवा असतो.

अंगणांतील बांकावर बसलों असतां आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवला. संस्कृताच्या तासास त्यानें उभें राहून, आम्हीं सांगितलेला एका श्लोकाचा अर्थ चुकला आहे, असें म्हटलें. "सांगितलें तेंच लिही," म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. वर्ग हंसला. घरीं येऊन टीका काढून पाहिली, तों मुलाचेंच बरोबर होतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत तसें सांगितलें नाहीं, आणि तो मुलगाही वर्षभर पुन्हा उठून बोलला नाहीं. ह्या क्षुल्लक गोष्टीची त्या घोर प्रसंगाशीं तुलना करणें वेडेपणाचें होईल, हें आम्ही जाणतों. तथापि विद्येमागून विनय आपोआप येतो, ह्या समजुतीवर आम्हीं छत्तीस वर्षें शिकविलें. दुसऱ्याची शंका ऐकून घेण्याची संवय नसेल तर तो येत नाहीं, हें कळण्यास आम्हांस इतक्या दूर जावें लागलें.

१९७९ नंतर त्या देशांत शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हां शिकविणारे फार थोडे उरले होते. ज्यास अधिक येतें त्यानें कमी येणारास शिकवावें, अशा रीतीनें आरंभ झाला. तुओल स्लेंग येथें १९८० पासून संग्रहालय आहे आणि २०२५ सालीं युनेस्कोनें त्या स्थळाचा जागतिक वारशांत समावेश केला.

घरीं परतल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. तो आतां पन्नाशीच्या घरांत आहे. अर्थ त्याचा बरोबर होता, चूक आमची होती, एवढेंच एका कार्डावर लिहून परवां टपालांत टाकिलें. उत्तराची आम्ही वाट पाहत आहों.