आमच्या लग्नात डीजे आम्हीच होतो

गेल्या आठवड्यात धाकट्या पुतणीचं लग्न झालं. डीजे सांगितला नाही. भाड्याचे दोन स्पीकर, एक मिक्सर आणि माझा जुना मोबाईल, एवढ्यावर हळद, लग्न, जेवणं सगळं पार पडलं. "लग्न आहे की दहावा?" असं तोंडावर विचारणारे पाहुणेही भेटले. त्यांना पैशांचं कारण सांगितलं. खरं कारण आज लिहितो.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या पुतणीची हळद होती. दारात डीजे. समोरचे काका हात जोडून आले, "घरात बाळंतीण आहे, जरा आवाज कमी करा." मी म्हणालो, "काका, एकच दिवस आहे, सांभाळून घ्या." दर लग्नसराईत आवाजाच्या मर्यादेची बातमी करणारा मी! निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, हे २००० सालचे नियम मला पाठ आहेत. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते, हेही मीच छापलंय. सकाळी कळलं, ती पोरगी पाच दिवसांचं बाळ घेऊन रात्रीच रिक्षाने नातेवाइकांकडे गेली होती.

म्हणून यावेळी स्वतःच बसलो. गाणी आधीच डाउनलोड केली, नाहीतर ऐन हार घालताना जाहिरात वाजते. मोबाईल फ्लाइट मोडवर, नाहीतर कुणाचाही फोन अख्ख्या मांडवाला ऐकू जातो. हळद, जेवण आणि नाच यांच्या वेगळ्या याद्या केल्या. मंगलाष्टका सुरू झाल्या की आवाज बंद, हे भाच्याला बजावलं. तरी एक घोळ झालाच. पंगतीत पाठवणीचं गाणं लागलं आणि वहिनी वाढता वाढता रडायला लागली.

खरी परीक्षा हळदीच्या रात्री होती. दहा वाजत आले, पोरं म्हणाली, "काका, दोनच गाणी!" भाचा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. आता 'डीजेवाला ऐकत नाही' म्हणायची सोय नव्हती. बटण आमच्याच हातात होतं. बंद केलं. काही पोरं रुसली. मग बायकांनी टाळ्यांवर हळदीची गाणी धरली, ती बराच वेळ चालली.

समोरचे काका लग्नाला आले होते. मागचा विषय काढून मी माफी मागितली. "झालं गेलं," म्हणाले. पण हसले नाहीत.

डीजेवाल्यांवर माझा राग नाही, त्यांचंही पोट आहे. "वाढव, अजून वाढव" म्हणणारे आपणच असतो आणि पोलीस आले की त्याला पुढे करतो. तेव्हा डीजे लावा किंवा लावू नका. पण आवाज किती आणि बंद कधी, हे सुपारी देतानाच ठरवा. आणि समोरच्या घरात कोण आहे, ते आधी एकदा विचारून या.